नवे राउटर की वापरलेले? ठाण्यातील एका नागरी सहकारी बँकेच्या खरेदीचे प्रकरण

ठाण्यात मुख्यालय असलेल्या एका नागरी सहकारी बँकेने २०२५ च्या अखेरीस आपल्या २४ शाखांमधील आणि महापे येथील डेटा सेंटरमधील राउटर, म्हणजे शाखांचे संगणक-जाळे बाहेरच्या लाइनींना जोडणारी यंत्रे, बदलायचे ठरवले. संचालक मंडळासमोर तीन दरपत्रके आली आणि त्यांतील सर्वांत स्वस्त दरपत्रक वापरलेल्या यंत्रांचे होते. बँकेच्या आयटी समितीने स्वतंत्र अभिप्राय मागितला, त्या निमित्ताने हे प्रकरण माझ्याकडे आले. बँकेचे आणि पुरवठादारांचे नाव येथे दिलेले नाही. निर्णयापर्यंत नेणारे तपशील मात्र पुरेसे दिले आहेत, कारण अशाच आकाराच्या पतसंस्था, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था आज याच प्रश्नापाशी उभ्या आहेत.

बँकेची रचना साधी आहे. नौपाडा, वागळे इस्टेट, घोडबंदर रस्ता, कळवा, वाशी, ऐरोली, डोंबिवली, कल्याण, भिवंडी अशा भागांत शाखा आहेत. कोअर बँकिंग प्रणाली महापेला चालते आणि तिची आपत्कालीन प्रत नागपूरला आहे. प्रत्येक शाखेत ५० एमबीपीएसची एक लीज्ड लाइन (फक्त बँकेसाठी राखीव जोडणी) आणि दुसऱ्या सेवा पुरवठादाराचे तितक्याच वेगाचे ब्रॉडबँड आहे. शाखांमध्ये बसवलेले सिस्को कंपनीचे २९११ हे राउटर गेली अनेक वर्षे तक्रारीविना चालत होते आणि खरेदीला होणारा विरोधही तेवढ्यासाठीच होता. चालणारे यंत्र का काढायचे, असे एका ज्येष्ठ संचालकांनी विचारले, आणि त्याचे उत्तर नीट देणे आवश्यक होते.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला असा की २९११ ला उत्पादकाचा आधार ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या कोणत्याही सुरक्षा त्रुटीवर या यंत्रासाठी दुरुस्ती निघणार नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट लागू केली आहे, आणि दुरुस्ती मिळूच न शकणारे उपकरण इंटरनेटच्या तोंडाशी ठेवून त्या चौकटीतील लेखापरीक्षणाला सामोरे जाणे कोणत्याही बँकेला अवघड आहे. दुसरा भाग कामकाजाचा आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन (क्लिअरिंग) ठरावीक तुकड्यांऐवजी, सुरुवातीला सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत, अखंड चालू झाले आणि शाखेत आलेला धनादेश लगेच स्कॅन करून पुढे पाठवणे अपेक्षित झाले. पूर्वी दुपारी तासभर लाइन गेली तरी पुढच्या तुकडीत सांभाळून घेता येत असे, आता ती सवलत उरलेली नाही. शाखेला दोन्ही लाइन एकाच वेळी वापरायच्या आहेत. २९११ हे यंत्र उत्पादकानेच सुमारे ३५ एमबीपीएसच्या सर्किटसाठी सुचवलेले होते. एन्क्रिप्शनसह, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बदलून पाठवत, दोन लाइनींचा भार त्याच्यावर टाकणे योग्य नव्हते.

तीन दरपत्रके

पहिल्या दरपत्रकात सर्व काही नवे होते. शाखांसाठी सिस्कोचे कॅटॅलिस्ट ८२००एल, महापेला कॅटॅलिस्ट ८३०० ची जोडी, आणि पाच वर्षांचे सॉफ्टवेअर सदस्यत्व. दुसऱ्या दरपत्रकात लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारातून माल घेणाऱ्या एका विक्रेत्याने शाखांसाठी सिस्कोचेच वापरलेले आयएसआर ४३३१ आणि महापेसाठी वापरलेले एएसआर १००१-एक्स देऊ केले होते. त्याची रक्कम पहिल्याच्या एक तृतीयांशाहून कमी होती आणि विक्रेत्याची स्वतःची एक वर्षाची बदली हमी तीत धरलेली होती. तिसऱ्या दरपत्रकात शाखांसाठी फोर्टिनेट कंपनीचे नवे फोर्टिगेट ६०एफ होते, म्हणजे राउटर आणि फायरवॉल (घुसखोरी अडवणारी यंत्रणा) एकाच पेटीत. त्याची किंमत दोहोंच्या मध्ये होती. सेवा पुरवठादाराने भाड्याने राउटर देण्याचा चौथा पर्यायही तोंडी सुचवला होता, पण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देण्यास बँक तयार नव्हती, त्यामुळे तो तिथेच संपला.

दुसऱ्या दरपत्रकाची बाजू मला सुरुवातीपासून गंभीरपणे तपासावीशी वाटली. आयएसआर ४३३१ हे भक्कम यंत्र आहे. त्यात तीन गिगाबिट पोर्ट आहेत, जोडकार्डांसाठी जागा आहे, आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांना आज्ञावली तोंडपाठ असल्याने शिकण्याचा खर्च शून्य. त्याची विक्री नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली आणि उत्पादकाच्या पाच वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे आधार नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे, म्हणजे खरेदीपासून सुमारे तीन वर्षे. बँकेच्या मुख्य लेखापालांनी येथे एक मुद्दा मांडला आणि तो चुकीचा नव्हता. बँका संगणकांवर सरळ रेषा पद्धतीने ३३.३३ टक्के घसारा धरतात, तेव्हा तीन वर्षांत पुस्तकात शून्य होणारी वस्तू तीन वर्षेच टिकली तर काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तू व सेवा कराचाही हिशोब त्यांनी मांडला. राउटरवर १८ टक्के कर लागतो आणि बँकांनी पन्नास टक्क्यांचा पर्याय घेतला असेल तर भरलेल्या कराचे निम्मेच क्रेडिट मिळते. त्यामुळे मोठ्या रकमेच्या खरेदीत कराचा न परतणारा हिस्साही तितकाच मोठा होतो.

महापेसाठी सुचवलेल्या एएसआर १००१-एक्सचे गणित मात्र त्याच कसोटीवर टिकले नाही. त्याची विक्री २०२२ मध्ये थांबली आहे आणि आधार २०२७ मध्ये संपतो. सर्व शाखांचे टनेल (एन्क्रिप्ट केलेले जोडमार्ग) ज्या दोन यंत्रांवर येऊन मिळतात, ती यंत्रे दोन वर्षांच्या आत पुन्हा बदलायची म्हणजे बदलाचा सर्वांत जोखमीचा भाग दोनदा करायचा. यंत्राची क्षमता उत्तम आहे, मूळ २.५ जीबीपीएस आणि परवान्याने २० जीबीपीएसपर्यंत. पण बँकेला तेवढी क्षमता नको होती, तिला हवी होती ती मुदत. त्यामुळे महापेसाठी वापरलेले यंत्र घेण्याचा विचार पहिल्याच बैठकीत बाजूला पडला आणि खरी चर्चा शाखांच्या राउटरवर येऊन थांबली.

नमुन्यांची तपासणी

विक्रेत्याकडून आम्ही ४३३१ चे काही नमुने मागवले आणि ते मुख्यालयातील टेबलावर लावून पाहिले. येथे जे दिसले ते सविस्तर सांगतो, कारण वापरलेला राउटर घेणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी स्वतः करता येते आणि तिला खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट निर्मितीची तारीख. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोने जाहीर केले की काही उपकरणांतील घड्याळ-संकेत देणारा एक घटक सुमारे दीड वर्षाच्या वापरानंतर निकामी होऊ लागतो आणि तो गेला की यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. या यादीत आयएसआर ४३२१, ४३३१ आणि ४३५१ हे तिन्ही होते. १६ नोव्हेंबर २०१६ पासून पाठवलेल्या मालात हा दोष नाही, असे कंपनीने सांगितले, आणि दोषी यंत्रे बदलून देण्याची सोय त्या वेळी हमीत किंवा सेवा करारात असलेल्या ग्राहकांनाच होती. आज दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला ती सोय नाही. ही तारीख ओळखायला अनुक्रमांक पुरतो. सिस्कोच्या अनुक्रमांकात पहिल्या तीन अक्षरांनंतरचे दोन अंक वर्षाचे असतात, त्यांत १९९६ मिळवले की निर्मितीचे वर्ष मिळते, आणि पुढचे दोन अंक त्या वर्षातील आठवड्याचे. म्हणजे ‘२०१५’ हे चार अंक दिसले तर ते २०१५ साल नव्हे. ते २०१६ चा पंधरावा आठवडा दाखवतात, आणि ते यंत्र संशयित गटात पडते. ‘२०४७’ किंवा त्यापुढचे अंक असतील तर या एका दोषापुरती काळजी मिटते. आमच्या नमुन्यांपैकी एक यंत्र संशयित काळातले निघाले. ते त्या क्षणी अगदी व्यवस्थित चालत होते, आणि या दोषाची अडचण नेमकी हीच आहे: चालत्या यंत्रात तो आधी दिसत नाही, एक दिवस यंत्र अचानक थांबते किंवा वीज जाऊन परत आल्यावर सुरूच होत नाही. पावसाळ्यात भिवंडी किंवा कल्याणच्या शाखेत वीज किती वेळा जाते, हे शाखाधिकाऱ्यांना सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट ओळख. ‘शो इन्व्हेंटरी’ ही आज्ञा दिल्यावर यंत्र स्वतःच्या आत कोरलेला अनुक्रमांक सांगते, तो बाहेरच्या चिकटपट्टीवरील अनुक्रमांकाशी जुळला पाहिजे. एका नमुन्यात तो जुळला नाही. याचा अर्थ यंत्र बनावट होते असे मी म्हणत नाही, दोन बिघडलेल्या यंत्रांचे भाग जुळवून एक चालते यंत्र केले तरी असेच घडते. पण असे यंत्र कोणत्याही सेवा करारात नोंदवता येत नाही. बनावट मालाची भीती काल्पनिक नाही. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या संस्थेने सिस्को २९६०-एक्स या मालिकेतील बनावट स्विच (कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रे) उघडून तपासले होते, आणि ते बनावट आहेत हे मालकांना सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर स्विच बंद पडले तेव्हाच कळले होते.

तिसरी गोष्ट परवान्याची, आणि सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. आयएसआर ४३३१ कारखान्यातून १०० एमबीपीएसच्या मर्यादेसह येतो आणि कामगिरीचा वेगळा परवाना घेतल्यावर ती मर्यादा ३०० होते. हा आकडा दोन्ही दिशांच्या वाहतुकीची बेरीज आहे. शाखेची एकच ५० एमबीपीएसची लाइन दोन्ही दिशांनी भरली तरी मर्यादा गाठली जाते, आणि आपल्याला तर दोन लाइन एकत्र वापरायच्या होत्या. टेबलावरील चाचणीत परवाना नसलेला नमुना बरोबर १०० एमबीपीएसवर येऊन थांबला. प्रोसेसर तेव्हा निवांत होता, अडवत होती ती केवळ सॉफ्टवेअरची मर्यादा. विक्रेत्याने इतर नमुन्यांत ३०० ची पातळी चालू करून दिली होती. पण ती जुन्या आवृत्तीतील विश्वासावर चालणारी सोय होती, म्हणजे वापरणाऱ्याने अट मान्य केली की परवाना चालू होतो आणि साठ दिवसांची चाचणी मुदत संपल्यावरही यंत्र अडवत नाही. परवाना विकत घेतल्याचा कागद त्यामागे नव्हता. सिस्कोच्या धोरणानुसार सॉफ्टवेअरचा परवाना मूळ खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. नव्या मालकाला तो पुन्हा घ्यावा लागतो आणि सेवा करार हवा असेल तर यंत्राची तपासणीही करून घ्यावी लागते. एखाद्या छोट्या कार्यालयाने याकडे डोळेझाक केली तर कदाचित कोणी विचारणार नाही. ठेवीदारांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेने मात्र कागद नसलेले सॉफ्टवेअर वापरू नये, हे माझे मत मी अहवालात स्पष्टपणे लिहिले.

येथे विक्रेत्याने एक प्रतिवाद केला आणि तो अर्धा खरा आहे. गंभीर सुरक्षा त्रुटी सापडली तर सेवा करार नसलेल्या, किंवा तिसऱ्या पक्षाकडून यंत्र घेतलेल्या ग्राहकालाही सिस्कोच्या मदत केंद्राकडे अनुक्रमांक आणि त्रुटीच्या सूचनेचा संदर्भ देऊन दुरुस्त सॉफ्टवेअर मागता येते, असे कंपनीच्या सूचनांतच लिहिलेले असते. मात्र त्याच सूचनांत अशीही अट असते की ज्या सॉफ्टवेअरचा वैध परवाना आहे तेच बसवता येईल. त्याखेरीज वेळेचाही प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस-एक्सई या सिस्कोच्या राउटर-सॉफ्टवेअरच्या वेब व्यवस्थापन पानातील त्रुटी उघड झाली, तिची तीव्रता दहापैकी दहा होती, आणि दुरुस्ती निघण्यापूर्वीच जगभरातील हजारो राउटर ताब्यात घेतले गेले होते. दुसऱ्या दरपत्रकातील दोन्ही यंत्रे याच आयओएस-एक्सईवर चालतात. अशा आठवड्यात बँकेच्या तीन माणसांच्या आयटी विभागाने २४ अनुक्रमांकांची पात्रता एकेक करून सिद्ध करत बसावे, ही कल्पना मला मान्य करता आली नाही.

वापरलेल्या मालाचे दोन प्रकार आहेत, हेही याच टप्प्यावर समितीसमोर ठेवले. बाजारातील वापरलेले यंत्र वेगळे, आणि उत्पादकाने स्वतः परत घेऊन, तपासून, परवान्यासह पुन्हा विकलेले यंत्र वेगळे. सिस्कोच्या ‘रिफ्रेश’ योजनेतील यंत्राला वैध परवाना आणि नव्यासारखी हमी असते. आम्ही त्याचा भाव मागवला. बाजारातील यंत्राच्या किमतीत पुन्हा परवाना घेण्याचा आणि तपासणीचा खर्च मिळवला, तेव्हा ती बेरीज ‘रिफ्रेश’च्या भावाच्या जवळ जाऊन पोहोचली. स्वस्ताईचा मोठा भाग परवाना न धरल्यामुळे दिसत होता. परदेशातून आलेल्या वापरलेल्या मालाबाबत आणखी एक कागद मागावा लागतो: वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आयातीला २०१६ चे घातक व इतर कचरा नियम लागू होतात. विक्रेत्याकडे काही यंत्रांची आयात कागदपत्रे होती, काहींची नव्हती.

नव्या दरपत्रकांतील उणिवा

नवे म्हणजे निर्दोष, असे या प्रकरणात दिसले नाही. कॅटॅलिस्ट ८००० मालिकेत (८२००एल आणि ८३०० याच मालिकेतले) वेगाच्या पायऱ्या परवान्याने ठरतात, जसे २५ एमबीपीएस, २०० एमबीपीएस, १ जीबीपीएस. आणि २५० एमबीपीएसच्या पुढे एन्क्रिप्शन करायचे असेल तर अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणामुळे एचएसईसी नावाचा आणखी एक परवाना लागतो. पहिल्या दरपत्रकात महापेच्या ८३०० साठी १ जीबीपीएसची पायरी धरली होती, पण एचएसईसी धरलेला नव्हता. तसेच बसवले असते तर २४ शाखांची एन्क्रिप्टेड वाहतूक २५० एमबीपीएसला अडली असती, तीही धनादेश स्कॅन होण्याच्या ऐन वेळी. पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधीला हे दाखवल्यावर सुधारित दरपत्रक आले आणि रक्कम वाढली. उलट शाखांच्या राउटरसाठी त्याने सदस्यत्वाची वरची श्रेणी लावली होती. बँकेला तिची गरज नव्हती, ती खाली आणल्यावर वाढीचा बराच भाग भरून निघाला.

फोर्टिगेटचा विचार मी जितका वेळ केला तितका तो अवघड होत गेला. ६०एफमध्ये एन्क्रिप्शन वेगाने करणारी खास चिप आहे आणि कंपनी ५१२ बाइटच्या पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यांवर) ६.५ जीबीपीएस आयपीसेक वेग, म्हणजे एन्क्रिप्शनसह वेग, सांगते, शाखेच्या गरजेच्या कित्येक पट. त्याला पंखा नाही, आणि भिवंडीच्या शाखेसाठी हा मोठा गुण आहे. यंत्रमागांच्या परिसरात हवेत कापसाचा तंतू असतो, तो राउटरच्या पंख्यांवर आणि जाळ्यांवर साचतो, आणि तेथील जुना २९११ दर काही महिन्यांनी उघडून साफ करावा लागत असे. पण सुरक्षा तपासणीच्या सर्व सोयी चालू केल्यावर याच यंत्राचा वेग ७०० एमबीपीएसवर येतो. शाखेला तोही पुरेसा आहे, मात्र दरपत्रकात केवळ मोठा आकडा छापला होता. अधिक काळजीचा मुद्दा स्मृतीचा होता. ६०एफमध्ये २ जीबी रॅम आहे, आणि कंपनीने अलीकडच्या आवृत्त्यांत २ जीबीच्या यंत्रांवरून काही सोयी काढून टाकल्या आहेत, ७.६ या आवृत्तीत एसएसएल व्हीपीएन ही दुरून सुरक्षितपणे जोडून घेण्याची सोयही. बँकेला त्या सोयी लागत नव्हत्या. तरीही २०१९ च्या पिढीतले, ज्याची स्मृती आताच अपुरी पडू लागली आहे असे यंत्र पुढच्या पाच वर्षांसाठी नवे म्हणून घेणे मला पटले नाही.

निर्णायक अडचण वेगळीच निघाली. बँकेचे सध्याचे जाळे डीएमव्हीपीएन (शाखांमधले टनेल आपोआप उभारणारी सिस्कोची पद्धत) आणि ईआयजीआरपी (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ती भाषा) यांवर उभे आहे. ईआयजीआरपीचे वर्णन २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात खुले झाले असले, तरी प्रत्यक्षात ते सिस्कोच्याच यंत्रांवर भेटते. फोर्टिगेटचा एडीव्हीपीएन काम तेच करतो, पण डीएमव्हीपीएनशी थेट बोलत नाही. म्हणजे स्थलांतराचे काही महिने महापेला दोन समांतर जाळी चालवायची, एकाचे मार्ग दुसऱ्यात आणायचे आणि मार्गांचे वर्तुळ होऊन माहिती त्यातच फिरत राहणार नाही याची काळजी घ्यायची. हे करता येते. मी ते करून घेतलेले आहे. पण अनुभवी माणसे हाताशी असतील तरच, आणि अखंड समाशोधन नुकतेच सुरू झालेले असताना तर अधिकच विचाराने.

सुट्या यंत्राचा मुद्दा

दुसऱ्या बैठकीत ज्येष्ठ संचालकांनी आयटी व्यवस्थापिकांना विचारले, “मॅडम, डोंबिवलीचं यंत्र उद्या सकाळी साडेदहाला बंद पडलं, तर दुसरं किती वाजता लागेल?” नव्या दरपत्रकातील सेवा करारात ‘पुढील कामकाजाच्या दिवशी’ बदली यंत्र देण्याची अट होती. व्यवस्थापिकांनी तसे सांगितले. “म्हणजे दिवसभराचे चेक राहिले,” असे म्हणून ते म्हणाले की वापरलेली यंत्रे स्वस्तात घेतली तर चार-पाच जादा घेऊन कपाटात ठेवता येतील.

वापरलेल्या यंत्रांच्या बाजूने झालेला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद होता आणि मी तो अहवालात तसाच नोंदवला. सेवा करार कितीही महाग असला तरी ठाण्याच्या कपाटातून निघून दोन तासांत डोंबिवलीला पोहोचणाऱ्या यंत्राची बरोबरी तो करू शकत नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामात फायबर तुटणे नित्याचे झाले आहे. तिथल्या शाखेतील कर्मचाऱ्यांना दुसरी लाइन आणि सुटे यंत्र यांचे मोल पूर्ण ठाऊक आहे. मात्र हा युक्तिवाद सुट्या यंत्राचा आहे, वापरलेल्या यंत्राचा नव्हे. म्हणून मी हिशोब उलटा मांडून पाहिला: नव्या यंत्रांचा महागडा बदली-सेवा करार काढून टाकला, फक्त सॉफ्टवेअर आणि तांत्रिक मदतीचा करार ठेवला, आणि वाचलेल्या पैशातून नवीच सुटी यंत्रे घेतली तर काय होते? २४ शाखांच्या पाच वर्षांच्या करारात जो फरक पडला, त्यात तीन जादा ८२००एल बसले आणि थोडी रक्कम उरली. महापेच्या जोडीसाठी पूर्ण करार ठेवला.

येथून निर्णयाला फार वेळ लागला नाही. महापेला नव्या ८३०० ची जोडी, एचएसईसीसह. शाखांना नवे ८२००एल, तीन सुटी यंत्रे, त्यांपैकी एक मुख्यालयात, एक वाशीला आणि एक कल्याणला. प्रत्येक सुट्या यंत्रात सर्व शाखांच्या मांडणीच्या फायली आधीच भरून ठेवायच्या, म्हणजे शाखेत पोहोचल्यावर केवळ नाव निवडायचे. भिवंडीसाठी जाळीचा फिल्टर असलेली बंद कपाटे आणि तिमाही साफसफाई.

वापरलेली यंत्रे पूर्णपणे नाकारली गेली नाहीत. चार ४३३१ बँकेने घेतले, मुख्यालयातील चाचणी टेबलासाठी. नोव्हेंबर २०१६ नंतरची निर्मिती, आतला आणि बाहेरचा अनुक्रमांक एक, आणि खरेदीबिलावर प्रत्येक अनुक्रमांक छापलेला, या तीन अटींवर. ही यंत्रे जिवंत जाळ्याला जोडायची नाहीत, ग्राहकांची कोणतीही माहिती त्यांच्यातून जाणार नाही, असे लेखी ठरले. तीन माणसांच्या विभागाला बदल आधी टेबलावर करून पाहता येणे, ही या खरेदीतील सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाची बाब आहे. इंटरनेटच्या तोंडाशी नसलेल्या जागी, उदाहरणार्थ एखाद्या कारखान्याच्या आतल्या जाळ्यात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, मी वापरलेला ४३३१ आजही निःशंकपणे सुचवीन.

एका बाबतीत मी बँकेकडे आग्रह धरला. पुढच्या वेळी पुन्हा एकाच कंपनीकडे जावे लागू नये म्हणून ईआयजीआरपी याच बदलात काढून त्या जागी बीजीपी ही सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालणारी मार्गांची भाषा आणावी, असे सुचवले. डीएमव्हीपीएनवर बीजीपी नीट चालते, आणि मार्गांची भाषा सर्वांना समजणारी झाली की २०३० च्या सुमारास येणारी दरपत्रके खऱ्या अर्थाने एकमेकांशी स्पर्धा करतील. यासाठी स्थलांतर तीन आठवड्यांनी लांबले. समितीने ते मान्य केले. एन्क्रिप्शनच्या आवरणामुळे पॅकेट मोठे होते हेही त्याच वेळी सांभाळले. टनेलची एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० बाइट आणि टीसीपीची एमएसएस (पॅकेटमधील प्रत्यक्ष माहितीचा कमाल आकार) १३६० बाइट अशी सर्व शाखांत एकसारखी ठेवली, कारण जुन्या मांडणीत शाखेगणिक वेगळे आकडे होते आणि धनादेशांच्या मोठ्या प्रतिमा काही शाखांतून अडखळत जात होत्या. राउटरच्या नोंदी एका केंद्रीय सर्व्हरवर जमा करून १८० दिवस ठेवण्याची व्यवस्था झाली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ती आधीच असायला हवी होती.

राहिले ते जुने २९११. वापरलेला माल देणाऱ्या विक्रेत्याने ते एकरकमी विकत घेण्याची तयारी दाखवली आणि भावही बरा होता. २०२३ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने बाजारातून वापरलेले राउटर घेऊन त्यांपैकी सोळा तपासले, तेव्हा नऊ यंत्रांत आधीच्या मालकांची संवेदनशील माहिती जशीच्या तशी सापडली होती. ‘राइट इरेझ’ ही आज्ञा मुख्य मांडणी पुसते, पण फ्लॅश कार्डवर वर्षानुवर्षे साठलेल्या मांडणीच्या प्रती तिथेच राहतात. म्हणून प्रत्येक २९११ मधील किल्ल्या आधी नष्ट केल्या, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे काढून आयटी समितीच्या दोन सदस्यांसमक्ष तोडली, आणि यंत्रे ई-कचरा नियम २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे अनुक्रमांकांच्या यादीसह दिली. विक्रेत्याचा भाव नाकारला. पोचपावतीची एक प्रत लेखापरीक्षकांच्या फाइलला जोडली आहे.